जुनें घर आणि ऊन पाणी



थंड देशांत जुनें घर विकत घेणाऱ्या मनुष्यास पहिली विवंचना असते ती छपराची, आणि दुसरी तें घर तापवावयाचें कसें याची. इंग्लंडांतील विटांचीं जुनीं घरें घ्या, किंवा आपल्याच काश्मीरमधील लांकडी घरें घ्या. बुखारी पेटवावी कीं हमाम, गॅसचा बॉयलर ठेवावा कीं विजेचें यंत्र बसवावें, यावर तेथील कुटुंबांत पुष्कळ खल चालतो. आपल्याकडे हा प्रश्न या रूपानें येत नाहीं. पौषांत पुण्यास अगर नाशिकास चार दिवस कडाका पडतो, तो आपण शाल पांघरून आणि उत्तरेची खिडकी लावून काढतों. खोली तापविण्याचें कारण पडत नाहीं. आपल्या घरांत तापवावयाची वस्तु एकच, आणि ती म्हणजे अंघोळीचें पाणी. म्हणून जुन्या घरासाठीं तापविण्याची कोणती व्यवस्था निवडावी, हा प्रश्न आपल्याकडे न्हाणीघराच्या दाराशीं येऊन उभा राहतो.

जुनें घर म्हणजे कोणतें, तें आधीं सांगतों. पुण्याच्या पेठांतील वाडा, मुंबईंतील लांकडी जिन्याची चाळ, सातारा-सांगलीकडील दगडी जोत्याचें चौसोपी घर, आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीं नुसत्या विटांच्या भिंतींवर उभारलेला बंगला, हीं सर्व त्यांत आलीं. या घरांत एक गोष्ट समान आहे. तीं बांधलीं गेलीं तेव्हां बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढें गिझर नव्हता. नळ मागाहून आला, वीज मागाहून आली, गॅस तर त्याहूनहि मागाहून आला. आणि प्रत्येक वेळीं घरानें थोडें अंग चोरून पाहुण्यास जागा करून दिली.

दुकानांत गेलें म्हणजे विक्रेता विचारतो, माणसें किती आणि लिटर किती. नव्या इमारतींतील बिऱ्हाडास एवढी चौकशी पुरते. जुन्या घराच्या बाबतींत त्याआधीं दुसऱ्याच चार गोष्टी पाहावयास हव्यात. ज्या भिंतीवर यंत्र टांगावयाचें ती कशाची आहे, विजेच्या तारा केव्हां घातल्या, पाण्याची टांकी किती उंचावर आहे, आणि न्हाणीघरांत हवा कोठून येते व कोठून जाते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचीच चौकशी कोणी करीत नाहीं. माझें आजचें बोलणें मुख्यतः तिच्यासाठीं आहे.

प्रथम बंबाकडे पाहूं. ज्यांच्या घरीं तो आतां माळ्यावर पडलेला आहे त्यांनीं एकदां खालीं काढून न्याहाळावा. तांब्याचें उभें नळकांडें, त्याच्या पोटांतून आरपार गेलेला दुसरा नळा, त्या नळ्याच्या तळाशीं जाळी आणि बाजूस तोटी, एवढाच त्याचा संसार. मधल्या नळ्यांत ढलप्या, करवंट्या, नारळाचीं सोडणें किंवा कोळसा टाकावयाचा आणि भोंवतालचें पाणी तापूं द्यावयाचें. चुलीवरील हंड्यास उष्णता मिळते ती बुडाकडून. बाकीची बाजूंनीं निघून जाते. बंबांत विस्तव पाण्याच्या पोटांत असल्यामुळें तो चहूंबाजूंनीं पाण्याच्याच कामीं येतो. तोटीनें ऊन पाणी काढलें कीं तितकेंच थंड पाणी वरून ओतावयाचें, हा शिरस्ता. आंत पाणी नसतांना विस्तव ठेवूं नये हें घरांतील लहान मुलासहि ठाऊक असे, कारण कोरड्या बंबाचे सांधे सुटत.

बंब धूर करी. त्यामुळें तो मागच्या पडवींत, परसांत, अगर वर झरोका असलेल्या न्हाणीच्या कोपऱ्यांत ठेवणें भाग असे. कौलांच्या सांदींतून, दाराच्या फळ्यांतून, झरोक्यांतून हवेची ये-जा अखंड चाले. गृहिणी त्या धुरास कंटाळल्या होत्या, आणि त्यांचें कंटाळणें रास्तच होतें. डोळे चुरचुरत, भिंती काळवंडत, खोकला जडे. पहांटे उठून बंब पेटविण्याचें काम घरांतील कोणा बाईच्याच वाट्यास येई. तें दिवस परत यावेत असें मला मुळींच वाटत नाहीं. तरी पण त्या धुरानें एक राखण केली, ती विसरूं नये. विस्तव जळतो तेथें हवा लागते, हें तो डोळ्यांत पाणी आणून पटवीत असे. पुढें गॅसचा गिझर आला आणि धूर गेला. धुराबरोबर झरोकाहि गेला. थंड वारा येतो म्हणून, डांस येतात म्हणून, शेजारीं पांच मजली इमारत उठली व तिच्या गच्चींतून दिसतें म्हणून, लोकांनीं तो कांच लावून किंवा विटा रचून बुजविला. धूर नाहीं तर झरोका कशाला, असा सरळ हिशेब होता. हा हिशेब प्राणघातक आहे.

गिझर हें नांव आइसलंडमधील ‘गेसिर’ या उसळत्या उष्ण झऱ्यावरून आलेलें आहे. १८६८ सालीं लंडनमध्यें बेंजामिन वॉडी मॉन नांवाच्या गृहस्थानें गॅसच्या ज्योतीनें पाणी वाहतां वाहतांच तापविणारें यंत्र तयार केलें आणि त्यास हें नांव दिलें. त्या यंत्रास जळालेली हवा बाहेर नेणारें धुराडें नव्हतें, आणि त्यामुळें तें घरांत वापरण्यास धोक्याचें होतें. पुढें परदेशांत धुराडीं आलीं, बाहेरची हवा नळीनें आंत घेऊन जळालेली हवा नळीनेंच बाहेर टाकणारीं बंद यंत्रें आलीं. परंतु आपल्या बाजारांत सिलिंडरवर चालणारा जो लहान, स्वस्त गिझर मिळतो, त्यास बहुधा आजहि धुराडें नसतें. जळालेली हवा तो आपल्या माथ्यावरील फटींतून त्याच खोलींत सोडतो. म्हणजे एवढ्या बाबतींत तो दीडशें वर्षांपूर्वींच्याच ठिकाणीं उभा आहे.

आतां थोडें गणित करूं. मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनीं तापविणारा गिझर चालू असतांना तासास सुमारें १ किलो गॅस जाळतो. १ किलो गॅस नीट जळण्यास सुमारें साडेबारा घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानास २ घनमीटर हवा ज्योतींतून जाते. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच अशी न्हाणी धरली तर तींत एकंदर हवा भरते जेमतेम साडेपांच घनमीटर. दार लावलें, खिडकी बंद ठेवली आणि दोघांनीं पाठोपाठ अंघोळ केली, कीं त्या कोंडलेल्या हवेचा मोठा हिस्सा एकदां ज्योतींतून जाऊन आलेला असतो. प्राणवायु असा उतरत गेला म्हणजे ज्योत अर्धवट जळूं लागते, आणि अर्धवट जळण्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निर्माण होतो.

या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो डोळ्यांसहि झोंबत नाहीं. गॅस गळला असतां जो उग्र वास येतो तो गॅसमध्यें मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. गॅस पेटला कीं तें द्रव्यहि जळून जातें. म्हणून ‘वास तर आला नाहीं’ या बोलण्यास येथें कांहीं अर्थ उरत नाहीं. रक्तांतील जो लाल घटक प्राणवायु वाहून नेतो, तो या वायूस प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहूनहि अधिक जोरानें धरून ठेवतो, आणि मग प्राणवायूस रक्तांत जागाच राहत नाहीं. प्रथम डोकें जड होतें, गरगरतें, मळमळतें. पुढें गुडघ्यांतील बळ जातें. हा शेवटचा प्रकार फार घातकी, कारण दार उघडावें हें मनुष्यास कळतें परंतु कडीपर्यंत हात पोंचत नाहीं. कोणी म्हणतें पित्त झालें, कोणी म्हणतें उपास बाधला, कोणी रक्तदाबाची गोळी देतें. गॅसचा गिझर न्हाणींत असेल आणि स्नानानंतर डोकें दुखण्याची तक्रार घरांत वरचेवर होत असेल, तर वैद्याकडे जाण्यापूर्वीं त्या गिझराचा वापर थांबवावा.

असा प्रसंग आलाच तर दार उघडून, लागल्यास फोडून, मनुष्यास तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा आणि रुग्णालयांत न्यावें. तो शुद्धीवर येऊन ‘आतां बरें वाटतें’ म्हणाला तरीहि न्यावें. साध्या हवेंत हा वायु रक्तांतून निम्मा निघून जाण्यास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिला तर तेंच काम तास-दीड तासांत होतें. बाहेर काढणाऱ्यानेंहि आंत रेंगाळूं नये.

उपाय अवघड नाहीं. गॅसचा गिझर न्हाणीघरांत बसवूंच नये. तो बाहेर मोकळ्या हवेंत, परसाच्या भिंतीवर, गॅलरींत अगर उघड्या बोळांत बसवावा, आणि भिंतींतून फक्त ऊन पाण्याची नळी आंत घ्यावी. पुष्कळ जण म्हणतात, आम्हीं हवा बाहेर फेकणारा पंखा लावला आहे. पंखा हवा बाहेर टाकतो हें खरें. परंतु तेवढीच हवा आंत येण्यास खालीं वाट नसेल तर तो नुसता गरगरत राहतो. दाराच्या तळाशीं कायमची उघडी जाळी हवी आणि वर कायमचा उघडा झरोका हवा. खालच्या जाळीचा आणखी एक उपयोग आहे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षां जड असतो. तो गळला तर जमिनीलगत सांचतो, आणि त्यास निघून जाण्यास खालचीच वाट लागते. ज्योतीचा रंगहि मधून मधून पाहावा. ती निळी असावी. पिंवळी होऊं लागली, वरच्या पत्र्यावर काजळी धरूं लागली, कीं तोंडें कचऱ्यानें बुजलीं असें समजून गिझर उतरवावा आणि साफ करून घ्यावा.

माझ्या परिचयाच्या एका वाड्यांत हा बदल झाला तेव्हांची हकीकत सांगण्यासारखी आहे. तेथील आजींचा बंब साठ वर्षांचा. नातवानें गिझर आणला आणि तो न्हाणींतच लावावयाचें ठरविलें, कारण नळ तेथें होता. नळकाम करणारा मनुष्य शहाणा निघाला. त्यानें न्हाणींत उभें राहून वर पाहिलें, झरोका बुजविलेला पाहिला, आणि गिझर मागच्या बोळांतल्या भिंतीवर घ्या असें सांगितलें. आजींस हें पटेना. त्या म्हणाल्या, “अरे, पाणी सोडायचं आंत आणि विस्तव पेटणार बाहेर! पेटला कीं नाहीं तें मला दिसायचं कसं?” नातू म्हणाला, “आजी, तोटी सोडलीस कीं तो आपोआप पेटतो. तुला पाहायची गरजच नाहीं.” त्यावर त्यांचें उत्तर असें, “विस्तवाकडे पाहायची गरज नाहीं असं कधीं होतं का रे?” अखेर भिंतींत वीतभर उंचीचें भोंक पाडून तेथें जाळी बसविली, त्या जाळींतून बोळांतली निळी ज्योत दिसे, आणि झरोकाहि उघडला गेला. नातवास तो आजींचा हट्ट वाटला. मला मात्र त्या घरांत सर्वांत नेमका प्रश्न आजींनींच विचारला असें वाटतें.

गिझर बोळांत नेल्यावर एक अडचण उरते, ती पाण्याच्या जोराची. हा गिझर पाण्याच्या दाबानेंच पेटतो. टांकी न्हाणीच्या डोक्यावर हातभर उंच असेल तर तो दाब पुरत नाहीं. ज्योत पेटते, विझते, पुन्हां पेटते. वाड्यांत टांकी बहुधा कौलांच्या आड कोठें तरी बसविलेली असते. गिझर घेण्याआधीं टांकीचा तळ आणि न्हाणीचा नळ यांमधील उंची मोजावी, आणि या उंचीला तो पेटेल कीं नाहीं हें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें.

आतां विजेच्या गिझराकडे वळूं. त्यास हवा लागत नाहीं, हा त्याचा थोर गुण होय, आणि ज्या न्हाणीस बाहेरची भिंतच नाहीं, म्हणजे चाळींतील मोरी किंवा वाड्याच्या मधल्या चौकाकडील अंधारी न्हाणी, तेथें मी त्याचीच शिफारस करीन. त्याचें दुखणें तारांत आहे. २००० वॅटचा गिझर सुमारें ९ अँपियर वीज ओढतो आणि ३००० वॅटचा १३ अँपियर. जुन्या घरांतील दिव्याच्या तारा ५ अँपियरच्या हिशेबानें घातलेल्या असतात. कोठें लांकडी पट्टीवरून नेलेल्या रबरी वेष्टनाच्या तारा अजून आहेत, आणि तें रबर बोट लावतांच भुगा होतें. कोठें मागाहून घातलेल्या अॅल्युमिनियमच्या तारा आहेत, आणि त्यांचे जोड कालांतरानें सैल पडतात. अशा तारेच्या टोंकाला नवें १५ अँपियरचें सॉकेट बसविलें म्हणजे तार जाड होत नाहीं. मग फ्यूज वारंवार उडतो. मग कोणी तरी त्यांत जाडशी तार घालून देतो. जी तार फ्यूजमध्यें जळावयाची ती मग भिंतींत जळते. आणि भिंतींत, तक्तपोशींत, जिन्यांत सागाचें लांकूड असेल तर पुढचें सांगावयास नको.

म्हणून विजेच्या गिझराची किंमत काढतांना मीटरपासून न्हाणीपर्यंतची स्वतंत्र तांब्याची तार, ३० मिलिअँपियरच्या गळतीवर वीज तोडणारें यंत्र आणि खरें अर्थिंग, यांचा खर्च तींत धरलाच पाहिजे. मंजूर भार कमी असेल तर तो वीज कंपनीकडून वाढवून घ्यावा. अर्थिंगविषयीं एक गोष्ट अवश्य तपासावी. जुन्या घरांतून पुष्कळदां अर्थची तार लोखंडी नळास जोडून दिलेली असते. लोखंडी नळ जमिनींत गेलेला असे तोंवर तें कसेंबसें भागत होतें. आतां नळ बदलून प्लॅस्टिकचे झाले. तार तशीच जोडलेली दिसते, परंतु ती कोठेंच पोंचत नाहीं. डोळ्यांस सर्व ठीक दिसतें, आणि विजेच्या बाबतींत डोळ्यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. जाणत्या वायरमनकडून उपकरणानें मोजून घ्यावें.

भिंतीचाहि विचार करावा. २५ लिटरचा गिझर पाणी भरल्यावर ३५ किलोंच्या आसपास जातो. पांढऱ्या मातीची अगर कच्च्या विटांची भिंत हा भार खिळ्यावर पेलीत नाहीं, मग खिळा कितीहि लांब असो. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे लोखंडी पट्टी द्यावी, किंवा सरळ जमिनीवरून घोडा उभा करावा. आणि गिझराच्या बाजूच्या लहान तोंडांतून, पाणी तापतांना, थेंब पडतात म्हणून तें बुचानें बंद करूं नये. तापलेलें पाणी फुगतें, त्याचा दाब सुटण्याची ती वाट आहे. त्या थेंबांची नळी मोरींत सोडावी म्हणजे भिंतहि ओल धरणार नाहीं.

बादलींत सोडावयाच्या विजेच्या दांड्याविषयीं माझें मत थोडक्यांत असें कीं, मुलें आणि म्हातारीं माणसें ज्या घरांत आहेत तेथें तो नसावा. पाणी तापलें का म्हणून बोट घालून पाहण्याची आपली संवय इतकी जुनी आहे कीं बटण बंद केलें होतें का, हें आठवण्याआधींच बोट पाण्यांत गेलेलें असतें.

खर्चाची तुलना ज्यानें त्यानें आपल्या गांवच्या दरानें करावी. मी फक्त मापें देतों. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेंत तें जवळजवळ अर्धें युनिट. गॅसच्या भाषेंत, गिझरांत वायां जाणारा भाग धरून, सुमारें ४५ ग्रॅम. म्हणजे १४·२ किलोच्या सिलिंडरांत तीनशें बादल्या. विजेचा सांठवणीचा गिझर रात्रभर चालू ठेवला तर त्याची उष्णता भिंतीला वांटली जाते आणि हा हिशेब बिघडतो. स्नानापूर्वीं लावावा आणि स्नान होतांच बंद करावा.

सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविण्याची सोय सर्वांत स्वस्त आणि निर्धोक, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु जुन्या घराशीं तिचें जुळणें कठीण. शंभर लिटरच्या सांठ्यास दोन चौरस मीटरच्या आसपास दक्षिणाभिमुख जागा लागते, आणि पाण्याचेंच वजन शंभर किलो भरतें. मंगलोरी कौलांवर तें ठेवतां येत नाहीं. माळवदावर ठेवावें तर खालच्या तुळयांना कीड लागली आहे का तें पाहावें लागतें. बंगल्यास पक्की गच्ची असेल तर मात्र ही सोय अवश्य करावी. गच्चीपासून न्हाणीपर्यंतची नळी लांब असूं देऊं नये. पाऊण इंची नळी २० मीटर लांब गेली कीं तींत सहा-सात लिटर पाणी उभें राहतें, तें थंड होतें, आणि रोज सकाळीं तेवढें पाणी पहिल्यानें सोडून द्यावें लागतें. तें बादलींत धरून धुण्यास वापरावें. आषाढ-श्रावणांत सूर्य दडून बसला म्हणजे दुसरी सोय हाताशीं हवीच. विहिरीचें अगर बोअरचें जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार धरतात, हा दोष मात्र सर्वच गिझरांस सारखा आहे.

हवेंतील उष्णता ओढून पाण्यास देणारीं यंत्रेंहि आतां मिळतात. एका युनिटांत तीं दोन-तीन युनिटांइतकी उष्णता देतात, आणि आपली हवा त्यांस मानवते. किंमत जबर आहे. वाड्यांतील चार-पांच बिऱ्हाडांनीं मिळून एक घेतलें तर विचार करण्यासारखें आहे, परंतु चार बिऱ्हाडें मिळून काय काय करूं शकतात याचा अनुभव वाड्यांत राहिलेल्यांस मीं सांगावयास नको.

येथें भाडेकरूंचा प्रश्न येतो. जुन्या घरांतून भाडें नाममात्र, म्हणून मालक तारा बदलीत नाहीं. घर आपलें नव्हे, म्हणून भाडेकरू बदलीत नाहीं. वाडा पाडून इमारत होणार, अशी बोलणीं दहा दहा वर्षें चालू असतात, आणि तोंवर कोणीच हातांतून पैसा सोडीत नाहीं. मला त्यांची अडचण समजते. तरी झरोका उघडण्यास, दाराच्या तळाशीं जाळी बसविण्यास आणि गिझर चार हात बाहेर नेण्यास जो खर्च येतो, तो करारमदारांची वाट पाहण्याइतका मोठा नाहीं. न्हाणीची कडीहि अशी बदलून घ्यावी कीं जरूर पडल्यास बाहेरून उघडतां यावी. म्हातारीं माणसें आंत असतांना दाराबाहेरून एक हांक मारण्याची पद्धत ठेवावी आणि ओ आली नाहीं तर थांबूं नये.

राहिला माळ्यावरचा बंब. मोडीच्या व्यापाऱ्याकडून त्याच्या तांब्याचे चांगले पैसे येतात हें खरें. तरी परसदार असेल त्यांनीं तो ठेवावा. वीज गेलेल्या दिवशीं किंवा घरांत कार्य निघालें म्हणजे उपयोगी पडतो. मात्र तो अंगणांतच पेटवावा. निखारे धुमसत असलेला बंब अगर कोळशाची शेगडी बंद खोलींत ठेवणें गॅसच्या गिझराइतकेंच घातक आहे, कारण कोळसा नीट पेटला म्हणजे धूर दिसेनासा होतो, आणि वायु तोच निघत असतो. पेटविण्यापूर्वीं आंतून चिंचेनें घांसून काढावा, तोटी मोकळी आहे ना तें पाहावें, आणि गळ्यापर्यंत पाणी भरून मगच विस्तव टाकावा.